कात्रज ते हिंजवडी, वंदनाच्या आवाजात

लोक लडाखला जाऊन ब्लॉग लिहितात. मी रोज कात्रजहून हिंजवडीला जातो आणि कधी कधी वाटतं, लडाख लवकर येईल. म्हणून म्हटलं, एकदा याचंही प्रवासवर्णन होऊन जाऊ दे.

कुणाला हा प्रवास करायचाच असेल तर सकाळी सातच्या आत कात्रजच्या स्टॉपवर या. डावीकडची खिडकी धरा, ऊन लागत नाही. दिवसाचा पास काढा, सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी वाद नको. नाश्ता घरूनच करून निघा, कारण नवले पुलापाशी गाडी अडकली की पोह्यांची आठवण काढण्यापलीकडे हातात काही उरत नाही. आणि कानात काहीतरी हवंच. माझ्या कानात वंदना असते.

वंदना माझी बायको. गेल्या वर्षी फुप्फुसाच्या आजारानं गेली. शाळेतली नोकरी सांभाळून ती अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. या वाचनाची रीत वेगळी असते. पान बदललं की पानाचा आकडा सांगायचा, नकाशा आला की तो शब्दांत मांडायचा, चुकलं तर थांबून वाक्य पुन्हा वाचायचं. नंतर फाईल स्वच्छ करायचं काम माझं. दर रविवारी हेडफोन लावून बसायचो आणि चुका, श्वास, पानांची सळसळ, कुकरच्या शिट्ट्या, सगळं कापून टाकायचो. माझ्या या सफाईचा मला फार अभिमान होता.

ती गेल्यापासून तीच पुस्तकं ऐकत जातो. वारज्याला गोदावरीचं खोरं लागतं, चांदणी चौकात काळी मृदा. स्पर्धा परीक्षेचा भूगोल मला आता कुठल्याही उमेदवाराइतका येतो.

मागच्या महिन्यात शेजारी एक आयटीतली मुलगी बसली होती. तिच्या इअरफोनचं चार्जिंग संपलेलं. "काका, कुठलं पॉडकास्ट?" म्हणाली. मी माझा एक इअरफोन तिला दिला. बाणेर येईपर्यंत तिनं ऐकलं.

"मस्त आहे. एआय व्हॉइस आहे ना? एकदम क्लीन, मध्ये श्वाससुद्धा नाही घेत."

"माझी मिसेस आहे."

"ओह. सॉरी काका."

मग ती वाकडपर्यंत फोनमध्ये बघत राहिली. त्या पोरीचा काही दोष नाही. मला मात्र दिवसभर ऑफिसात काही सुचलं नाही. घरात अठरा पुस्तकं आहेत आणि एकातही वंदना श्वास घेत नाही. तो मीच काढला. मूळ फाईली जागा अडवतात म्हणून त्याही मीच पुसल्या.

परतताना संदीप आठवला. यवतमाळचा मुलगा, जन्मापासून दृष्टी नाही, तेव्हा इथं परीक्षेची तयारी करायचा. पेपर दोन दिवसांवर आला म्हणून शेवटचा धडा वंदनानं मला न विचारता तसाच, न कापता पाठवून दिला होता. मी त्यावरून चिडलोही होतो. त्याला फोन लावला.

"आहे न काका माझ्यापाशी. दोन फोन बदलले, पण तो धडा नाही डिलीट केला."

शनिवारी मार्केट यार्डला गेलो. कात्रजहून स्वारगेटकडे जाणारी बस घ्या, मधे उतरून थोडं चालावं लागतं. सकाळी गेलात तर कांद्याच्या ट्रकांमधून वाट काढायची तयारी ठेवा. संदीप आता बँकेत आहे, बाजाराच्या मागे एका खोलीत राहतो. चहा त्यानंच केला, आलं घालून, उत्तम.

"बाकीच्यात नुसतं पुस्तक आहे काका. याच्यात मॅडम आहेत." फाईल पाठवून झाल्यावर त्यानं फोन खिशात ठेवला. "बसमध्ये नका ऐकू. घरी जाऊन ऐकजा."

त्याचं ऐकलं ते बरं झालं. घरी येऊन स्वयंपाकघरात बसलो आणि फाईल लावली. पंख्याची घरघर, खाली भंगारवाला, मग तिचा आवाज, आणि मग तिचा खोकला. वाक्य पुन्हा सुरू केलं, पुन्हा खोकली. पुढच्या पानावर पुन्हा.

आजार सापडायच्या वर्षभर आधीचं हे रेकॉर्डिंग आहे. म्हणजे तेव्हाच्या प्रत्येक फाईलमध्ये हा खोकला होता. दर रविवारी मी तो शोधून, नेमका कापत होतो. डॉक्टरकडे जाऊ या, असं एकदाही म्हणालो नाही. हे मला कुणालातरी सांगायचं होतं, म्हणून इथं लिहिलं.

आता रोज हेच ऐकतो. हिंजवडी येईपर्यंत दोनदा होतं. मध्ये एका ठिकाणी ती वाचायची थांबते.

"अहो, आज जरा जास्तच येतोय हो खोकला."

आतल्या खोलीतून माझा आवाज येतो. "असू दे. मी कापतो नंतर. तू वाच."

"बरं," ती म्हणते, आणि वाचायला लागते.