खोलीत कोण थांबणार

आठवीच्या वर्गावर मी शिकवत होते आणि शाळेचा शिपाई दारात येऊन नुसताच उभा राहिला. एरवी तो निरोप सांगून मोकळा होतो. त्याच्या त्या गप्प उभं राहण्यानेच मी खडू खाली ठेवला. माझा मोठा भाऊ, अण्णा, दुपारी जेवून जरा आडवा झाला होता, तो उठलाच नाही... त्याला आता महिना होऊन गेला. भेटायला येणारे म्हणतात, 'अण्णांच्या हाताला गुण होता.' मी मान डोलावते. खरं सांगायचं तर मला त्याचा हात आठवतो तो थांबलेला. त्या थांबण्याचा मला एके काळी फार राग आला होता, आणि तो पुरता गेला असं आजही म्हणवत नाही.

अण्णा इंग्लंडात ऑस्टिओपॅथी शिकला. औषध नाही, सुई नाही. आखडलेले सांधे आणि मणके हातांनीच मोकळे करायचे. तो तिकडेच राहणार असं आईने धरूनच चाललं होतं, पण स्वारी परत आली आणि टिळकवाडीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडून बसली. नाशिककरांना तो शब्द काही पेलला नाही; त्यांनी त्याला सरळ 'हाडाचे डॉक्टर' करून टाकलं. पुरुष आले, बायका येईनात. परक्या पुरुषाने पाठीला हात लावायचा म्हणजे काय... मग मी शाळेतून आले की त्या खोलीत स्टुलावर विणकाम घेऊन बसावं असं ठरलं. ठरवलं अर्थात त्यानेच. त्या काळात माझा एकही स्वेटर धड झाला नाही.

त्याचे नियम सोवळ्यासारखे कडक. जेवढा भाग बघायचा तेवढाच चादरीतून उघडा, आणि तोही बाईने आपल्या हाताने करायचा. 'आता खांद्याला हात लावतोय' असं सांगितल्याशिवाय बोट लागत नसे. पण 'चालेल ना?' विचारलं की आमच्या बायका, कळ मस्तकात गेली तरी 'चालंल' म्हणणार. डॉक्टरला नाही कोण म्हणेल? म्हणून त्याने आईच्या पूजेतली सुपारी उचलून आणली. ती बाईच्या मुठीत द्यायची. नकोसं वाटलं तर बोलायचं नाही, नुसती मूठ सोडायची. फरशीवर टक् वाजलं की अण्णाचे हात वर. का म्हणून विचारायचं नाही. शिवाय खोलीत कोण थांबणार हेही आजारी माणसानेच ठरवायचं. आई त्या सुपारीवरून कितीतरी दिवस धुसफुसत होती.

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. कळवणकडच्या एका खेड्यातून मंजुळा आली. विशीतली, बैलगाडीतून पडलेली. उजवा खांदा असा धरला होता की हात छातीच्या वर जाईना, वेणीसुद्धा घालता येईना. सोबत सासरे. घरंदाज गृहस्थ, सुनेला जागा मिळवून देऊन स्वतः बसमध्ये उभे राहून आलेले. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. अण्णा म्हणाला, 'आत्ताच मोकळा केला तर सुटेल, दिवस गेले तर असाच राहील.' आणि त्याने सासऱ्यांना बाहेर बसायची विनंती केली.

'घरची सून परक्या मानसाच्या खोलीत सोडून मी भायेर बसू? गावात तोंड काय दाखवू?'

मंजुळेला विचारलं तर ती फरशीकडे बघत राहिली. सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, आवाज काढायचा नाही, अशा घरातली ती. 'मामंजींना बाहेर जाऊ द्या' हे तिने म्हणावं तरी कसं? शेवटी सासरे भिंतीकडे तोंड करून बसायला तयार झाले. अण्णाने तिच्या डाव्या मुठीत सुपारी दिली, काय करायचं ते समजावलं. मग म्हणाला, 'खांद्यावरचा पदर तेवढा बाजूला घे...' टक्.

त्याने वाकून सुपारी उचलली, परत तिच्या हातात ठेवली. 'बरं, पदर असू दे. वरूनच हात लावतो.' टक्. सासरे मान न वळवता म्हणाले, 'डाक्टर, तिचं काय आयकता? लाजतीय ती. तुमी तुमचं काम करा.'

'ती नको म्हणतेय, काका.'

'तोंडातून शबुद तरी काढला का तिनं?'

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, कर ना रे, उभ्या जन्माचा हात आहे. पण अण्णा मागे सरला. 'आज होणार नाही. सासूबाईंबरोबर पाठवा, नाहीतर तुम्ही अंगणात बसा. दार उघडं ठेवतो, माझी बहीण आहेच.' सासरे ताडकन उठले. 'घरच्या मानसाला भायेर काढून सुनांना आत घेऊन दारं लावतो हा डाक्टर,' हे त्यांनी रस्त्यावर उभं राहून सगळ्या आळीला ऐकवलं. मंजुळा त्यांच्यामागून खाली मान घालून गेली.

बोलणं बसस्टँडवर पोचलं, तिथून वणी-कळवणपर्यंत गेलं. बायका यायच्या थांबल्या. संध्याकाळी रिकाम्या खोलीत आम्ही दोघं बहीणभाऊ बसून असायचो आणि फाटक वाजलं की मी खिडकीतून डोकवायचे, कोण भांडायला आलं म्हणून. एकदा जेवताना मी तोंड सोडलंच. 'तुझ्या तत्त्वापायी त्या पोरीचा हात गेला.' तो भात कालवत राहिला. मग म्हणाला, 'शालू, नको म्हणायला तिच्याजवळ तेवढी एकच जागा होती. तीही मी घ्यायची?' 'आणि हात?' मी विचारलं. तो ताट घेऊन उठला. हळूहळू बायका परतल्या, खोली पुन्हा भरली. पण कळवणचं कुणीही आलं की तो मंजुळेची चौकशी करी, आणि कुणाला काही ठाऊक नसे. तो गेला तो हे न कळताच गेला, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

गेल्या आठवड्यात फाटकाशी एक बाई दिसली. एकटीच. उजवा हात अंगाशी धरून डाव्या हाताने कडी काढत होती. मी पाहताक्षणी ओळखलं.

'हाडाचे डाक्टर हायेत का?'

'इतकी वर्षं का नाही आलीस गं?' एवढंच तोंडातून निघालं.

'कोन आननार? मामंजी होते तवर त्यांचा शबुद. ते औंदा गेले. मंग मीच आले, यष्टीनं. कुनाला इचारलं नाय.'

मी अण्णाचं सांगितलं. तिने मागे वळून फाटक लावून घेतलं. मग म्हणाली, 'जरा आत बसू का?' मी खोली उघडली. ती टेबलावर चढून बसली, पाय लोंबकळत ठेवून, आणि डोक्यावरचा, मग खांद्यावरचा पदर तिने आपल्या हाताने खाली घेतला. हाडापाशी बोट टेकवून म्हणाली, 'इथं धरतंय बघा.'

'मला यातलं काही कळत नाही गं,' मी म्हणाले.

'ठावं हाय,' ती म्हणाली. 'पन इथंच दाखवायचं होतं.'