कांदाचाळीतली होडी

नोकरीत मोठे गुन्हे पुष्कळ पाहिले, पण निवृत्तीनंतर मन वारंवार जातं ते एका होडीच्या चोरीकडे.

नाशिकजवळच्या एका धरणावर पर्यटकांना फिरवणाऱ्या व्यावसायिकाची फायबरची छोटी होडी काठावरून गायब झाली. त्याने फिर्याद दिली. गुन्हा नोंदवून मी पंचनाम्याला गेलो. उन्हाळ्यामुळे पाणी बरंच खाली गेलं होतं. काठापासून रस्त्यापर्यंत नुसता चिखलाचा चढ. त्यात रुंद, खोल नक्षीच्या टायरांचे ठसे आणि मध्ये ट्रॉलीच्या बारीक चाकांचे. साधी गाडी तिथे रुतलीच असती. होडी ओढून नेणारी गाडी फोर बाय फोर होती, आणि ती कुठून उतरवायची हे नेणाऱ्याला पक्कं माहीत होतं.

म्हणजे माणूस माहितीतला. फिर्यादीकडचा एक नावाडी महिन्यापूर्वी काम सोडून गेला होता. भांडकुदळ होता, एवढंच फिर्यादीने सांगितलं.

आसपासच्या रस्त्यांवर चौकशी करून निरोप ठेवले होते. तिसऱ्या दिवशी सटाण्याकडच्या रस्त्यावरच्या वजनकाट्यावरून फोन आला. तिथला माणूस म्हणाला, कांद्याचे ट्रॅक्टर रोज बघतो, जीपमागे होडी पहिल्यांदाच बघितली, नामपूरकडे गेली. नामपूरला त्या नावाड्याच्या मेहुण्याची शेती होती. आम्ही पोचलो तेव्हा कांदे साठवायच्या चाळीत ताडपत्रीखाली होडी होती आणि बाहेर चाकांवर चिखल वाळलेली मेहुण्याची जीप. नावाडी ओट्यावर बसला होता. पळाला नाही.

ठाण्यात त्याला समोर बसवलं. चोर सहसा आधी नाकारतो, मग गोष्ट रचतो. हा दोन्ही करेना. विकायची होती तर झाकून का ठेवलीस, असं मी विचारलं.

"विकायची नव्हती साहेब. तळाला भेग हाय तिच्या. मालक वरून लांबी लावून ती बुजवतो अन् बायापोरं बसवतो. लय सांगितलं, ऐकत नाय."

"मग पोलिसांकडे यायचं होतं."

तो खाली बघत म्हणाला, "आलो होतो. अर्ज दिलाय, इथंच."

मी आवक रजिस्टर मागवलं. नोंद होती. अर्जही सापडला. त्यावर 'मालक-नोकर वाद, दप्तरी दाखल' असा प्रकरण बंद करणारा शेरा आणि खाली माझी सही. अर्ज वाचल्याचं मला आठवत नव्हतं.

होडी उलटी करून घेतली. लांबी खरवडल्यावर वीतभर भेग दिसली. अंगठ्याने दाबली तर कडा आत गेली. पंचांसमक्ष ते सगळं लिहून घेतलं, वरिष्ठांना कळवलं आणि मालकाच्या होड्या तपासणी होईपर्यंत बंद झाल्या.

गुन्हा नोंदवलेला असल्याने प्रकरण कोर्टात गेलं. अर्ज मिळाला होता आणि मी तो न वाचता सही केली होती, हे मी साक्षीत शपथेवर सांगितलं. चोरीचा हेतू नव्हता हे कोर्टाने मानलं आणि नावाडी निर्दोष सुटला. बाहेर पडताना त्याने मला नमस्कार केला.

नंतरच्या नोकरीत अर्जदाराला समोर बसवून त्याचा अर्ज वाचल्याशिवाय मी शेरा मारला नाही. लोक कायदा हातात घेतात, असं आम्ही पोलीस चटकन म्हणतो. त्या माणसाने तो आधी आमच्या हातात आणून दिला होता.