हलूनकांचं शेवाळ

पासपोर्टचे फोटो काढता काढता ज्यांचे केस पांढरे झाले, त्या फोटोग्राफरना सगळा रस्ता ‘हलूनका’ म्हणायचा. स्टुलावर तान्हं मूल असो नाहीतर रिटायर्ड साहेब, बटण दाबण्याआधी ते न चुकता बजावायचे, “हलू नका!” आणि स्वतः मात्र एका जागी टेकायचे नाहीत. पडदा सरळ कर, दिवा पुसून ठेव, उगाच दारात जाऊन रस्ता बघून ये. बायको म्हणायची, “पायाला भिंगरी आणि जगाला दटावणी.”

अलीकडे ती भिंगरी पायातून उजव्या हातात आली होती. हात नुसता ठेवला, की अंगठा आणि शेजारचं बोट आपणहून एकमेकांवर फिरायला लागायची, जणू अदृश्य गोळी वळतायत. मग हलूनका हात खिशात घालायचे. परवा एका बाईंनी फोटो परत आणून काउंटरवर ठेवला. “काका, मला डोळे दोन आहेत हो. तुम्ही चार काढलेत.” त्यांनी खापर विजेवर फोडलं, फोटो पुन्हा काढून दिला, आणि त्या दिवशी अर्ध्या जेवणावरून उठले.

घरी बोलायचा धीर होईना. त्यांनी देवापुढे मनातल्या मनात एक शर्त लावली. दुकानाच्या मागच्या भिंतीवर, बेसिनचा पाइप ठिबकतो तिथे शेवाळ होतं. त्याचा एक फोटो काढायचा, अगदी जवळून. स्वच्छ आला, तर हात ठणठणीत आहे, कुणाला काही सांगायची गरज नाही. हलला, तर दुकानाचं शटर कायमचं ओढायचं आणि घरी सगळं सांगून टाकायचं.

शेवाळ म्हणजे पाय घसरायची जागा, एवढंच आपल्याला माहीत. हलूनकांनी भिंग धरून बघितलं, तेव्हा त्या हिरव्या मखमलीतून केसासारखे तांबूस देठ वर आलेले होते, आणि प्रत्येक देठाच्या टोकाला तिळाएवढी कुपी. कुपीला टोकदार झाकण. झाकण गळून पडलं, की आत दातांचं कडं. हवा कोरडी झाली की ते दात उघडतात आणि आतली भुकटी वाऱ्यावर जाते, पुढच्या शेवाळाचं बी म्हणून. ज्याने हे केलं त्याने एवढ्याशा जिनसेला झाकण दिलं, झाकणाखाली दात दिले, आणि वर कुणाला सांगायलाही गेला नाही. हलूनकांना तिथून हलवेना.

पण जागेच्या मालकाने रंगारी धाडला. सकाळीच तो शिडी आणि खरवडायचा पत्रा घेऊन मागच्या बोळात हजर.

“ही ओली भिंत आधी खरवडतो, काका.”

“ती शेवटी कर. बाकीच्या कर आधी.”

“बाकीच्या झाल्या की मग मात्र थांबणार नाही हां.”

हलूनकांनी स्टँड रोवला, कॅमेऱ्याला जुनी लेन्स उलटी लावली, कारण तशी लावली की बारीक वस्तू मोठी दिसते. ऊन तिरपं येत होतं. एका कुपीचं झाकण गळलेलं, दात छान पसरलेले. ते वाकले, डोळा लावला, “हलू नका” म्हणाले आणि बटण दाबलं.

फोटोत कुपीचं तोंड घट्ट मिटलेलं. शिवाय सगळंच हललेलं.

मागे सरून भिंगातून बघितलं, तर तोंड पुन्हा उघडं. परत वाकले. “हलू नका.” परत मिटलेलं. असं कितीदा तरी झालं. हात गेला तो गेला, आता डोळ्यांचाही भरवसा नाही की काय?

शिडीवरून रंगारी हसला. “काका, तुमचं गिऱ्हाईक लाजतंय!”

“तू तुझा ब्रश बघ.”

“माझा झालाच आता. ही शेवटची पट्टी.”

तेवढ्यात बायको दुपारचा डबा घेऊन मागच्या दाराने आली. बोळात आपला नवरा भिंतीपुढे ओणवा बघून तिने डबा तसाच हातात धरला आणि बघत राहिली.

“अहो, कुणाला सांगताय, हलू नका म्हणून?”

“सवय आहे गं.”

“ते मला माहीत आहे. पण तुमच्या तोंडची वाफ कुठे जातेय बघा. कॅमेऱ्याची मागची काच धूसर झालीय. समोर ते नखाएवढंसुद्धा नाही, आणि तुम्ही त्याच्या तोंडावर ‘हलू नका’ म्हणून फुंकर घालताय. म्हणूनच ते हलतंय!”

हलूनका चरकले. ओल लागली की दात मिटतात. श्वासाला ओल असते. आयुष्यभर ज्या शब्दाने माणसं थिजवली, त्याच शब्दाने ही कुपी तोंड मिटत होती. रंगारी शिडीवर खो खो हसत सुटला. पण बायको हसली नाही.

“टायमर लावा आणि बाजूला व्हा.”

“टायमर? टायमर सहलीला गेलेले लोक लावतात. मी फोटोग्राफर आहे.”

“असाल. पण श्वास घेणारे आहात ना?”

रंगाऱ्याने शिडी उचलून ओल्या भिंतीला टेकवली. आता वेळच नव्हता. हलूनकांनी दात ओठ खात टायमर लावला, आणि दोन पावलं मागे येऊन तिच्याशेजारी उभे राहिले. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकायला लागला. करायला काहीच उरलं नाही. बोलायची सोय नव्हती. त्या शांततेत त्यांच्या खिशातल्या दुकानाच्या किल्ल्या बारीक बारीक वाजायला लागल्या.

बायकोने त्यांच्या मनगटाला धरून हात खिशातून बाहेर काढला आणि आपल्या हातात घेतला. तिच्या हातातही तो फिरतच होता.

“कधीपासून?” तिने हळूच विचारलं.

“तुला कसं कळलं?”

“घरी चहाची बशी वाजते तुमची. मी वाट बघत होते, तुम्ही कधी बोलताय याची.”

कॅमेरा वाजला.

फोटो असा आला, की रंगारीही पत्रा खाली ठेवून बघायला आला. दातांचं कडं पुरतं उघडलेलं, एकेक दात वेगळा, आणि तोंडातून हिरवट भुकटीचा एक कण निघण्याच्या बेतात. “हे ह्या भिंतीवरचं?” तो म्हणाला. “आणि मी हे खरवडणार?”

“खरवड बाबा. तुझं काम आहे ते,” हलूनका म्हणाले, पण त्यांचा पाय जमिनीवर टपटप वाजतच होता. फोटो स्वच्छ होता. पण तो त्यांच्या हाताने कुठे काढला होता? मग शर्त जिंकली की हरली?

त्यांनी बायकोला शर्त सांगितली, सगळी. ती डब्याची कडी उघडत म्हणाली, “देवाने हो म्हटलं होतं का?”

“नाही.”

“मग तुम्ही एकट्यानेच लावलीत. संध्याकाळी डॉक्टरांकडे जायचं. शटरचं नंतर बघू.”

दोघं दुकानात आली, तसा बाहेर पत्रा खर्र खर्र चालू झाला. प्रत्येक आवाजाला हलूनकांची मान बोळाकडे वळत होती. ते गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले, आणि उजवा हात खिशात न घालता डब्याकडे नेला. झाकण उचललं, तसं ते कडेवर टकटक वाजायला लागलं. बायकोने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं नाही. वाजू दिलं.