उडाली की उडवली

लातुरातल्या आमच्या क्लासच्या सर्व्हरवरून सराव परीक्षांच्या फायली गायब व्हायला लागल्या, तेव्हा मुदखेडकडचा एक माणूस बोलावला होता. नाव विचारायचं राहून गेलं, पण त्याचं बोट अजून आठवतं. खिशात वायरी, कपाळावर चढवलेला चष्मा, आणि चहा प्यायचा तो बशीतच.

'फाईल उडाली' असं कुणी म्हणालं की तो लगेच बोट वर करायचा. "उडाली काय म्हनून राहिले? चिमणी हाय का ती? कुणीतरी उडवली म्हना."

संशय कॉम्प्युटरवर बसणाऱ्या ताईवर होता. संचालक सरांनी तिला पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगूनही टाकलं होतं.

दुपारपर्यंत त्यानं सर्व्हरवर पहारा बसवला. आता कुणीही फाईल बदलली किंवा काढली, की त्याचं नाव स्क्रीनवर येणार होतं. तो चहा ओतत होता, तेवढ्यात सर केबिनमधून ओरडत आले, "बघा, परत उडाली!"

त्यानं बशी ठेवली आणि स्क्रीन सरांकडे वळवली. नाव सरांचंच होतं. घरी न्यायला पेनड्राईव्हवर फाईल घेताना ते दर वेळी 'कॉपी'ऐवजी 'कट' करत होते.

"अरेच्चा, माझ्याकडूनच उडाली वाटतं," सर म्हणाले.

आता बोट वर होणार, म्हणून मी त्या माणसाकडे पाहिलं. तो खाली मान घालून वायर गुंडाळत होता.

"उडवली, सर," ताई म्हणाली.