कॅमेऱ्यावरची टिकली

बायको वारली त्या वर्षी लॅपटॉपवर काहीही उघडलं की जाहिराती अंगावर यायच्या. एकट्या माणसांसाठी सहली, एका माणसापुरते कुकर. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

शेवटी जिंतूरहून एक दुरुस्तीवाला आमच्या बोरी गावात आला. तो पडद्यासमोर बसलाच नाही; खुर्ची तिरपी करून बाजूनंच बघत होता. ब्राउझरला चिकटलेली सात एक्स्टेन्शनं, म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, त्यानं एकेक करून काढली.

"सर, यांना आत कुणी घेतलं?"

"परवानगी मागायचे. मी हो म्हणायचो."

"दारात आलेल्याला न्हाई म्हणायची आपल्याला सवयच न्हाई. तुमी लिवलेलं सगळं लय दिवसांपासून वाचायलेत हे." बोलताना तो हसला नाही.

निघताना त्यानं टिकली मागितली. बायकोनं आरशावर चिकटवून ठेवलेली मरून टिकली मी काढून दिली. ती त्यानं पडद्याच्या वरच्या कॅमेऱ्यावर दाबून बसवली.

"बघणारे काढले, सर. पण त्यांची जागा रिकामी ठेवू नका."

आता जाहिराती येत नाहीत. पण लॅपटॉप बंद केला की काळ्या पडद्याच्या वर, कपाळाच्या उंचीवर, ती टिकली तेवढी दिसते, आणि तिच्याखालून कुणीतरी माझ्याकडे बघत असतं. झाकण मिटायचा धीर मला अजून होत नाही.