तालमीची माती आणि मालकांचा धनुर्वात

मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, पाठ खाटेवरून उठली. खाली टेकलेलं फक्त डोकं आणि टाचा. मधलं सगळं अंग कमानीसारखं ताणलेलं. दात जिभेत रुतले होते आणि रक्त कानाकडं वाहत होतं. मी दोन्ही हातांनी छाती खाली दाबायला गेले, तर डॉक्टरांनी मला ढकललं.

"हात लावू नका बाई. दाबाल तितकं वाढेल."

झटका ओसरल्यावर त्यांनी मला ओसरीत नेलं. म्हणाले, "टेटॅनस आहे." मला कळलं नाही. "धनुर्वात," ते म्हणाले. ते कळलं. धनुर्वातातून उठलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मी एकोणीस वर्षांची होते.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. खोल जखमेत गेले की तिथं विष करतात. ते विष नसांना लागतं आणि अंग आपोआप ओढलं जातं. पहिल्यांदा दातखीळ बसते, त्याला लॉकजॉ म्हणतात. मग सगळ्या अंगाला झटके येतात, ते स्पॅझम. माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर असतो. हे शेवटचं त्यांनी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

"जखमेत काय घातलं होतं?" त्यांनी विचारलं.

"माती."



तेव्हा निजामाचं राज्य होतं. मालक सायकलच्या शर्यती खेळायचे. सायकल फिक्स चाकाची होती, म्हणजे मागचं चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, पाय थांबवता येत नाही. वजन कमी व्हावं म्हणून त्यांनी मडगार्ड काढलं, स्टँड काढला, ब्रेकही काढले. रोज पहाटे पाठीला वाळूची पिशवी बांधून अंबडपर्यंत जायचे आणि यायचे. घरातलं दूध आधी त्यांना, उरलं तर बाकीच्यांना. सायकलला मी हात लावला म्हणून एकदा मला साखळीनं मारलं होतं. हेही लिहिते, कारण नंतर लोक मला सावित्री म्हणू लागले.

त्यांच्यासोबत अंबडचा करीम असायचा. दोघांना तालमीच्या वस्तादांनी तयार केलं होतं. वस्ताद पैलवान. सायकलवर कधी बसले नव्हते, पण दम आणि मांड्या त्यांना कळायच्या. म्हणायचे, "ब्रेक भित्र्याला लागतो."

शर्यत अंबडहून जालन्याला होती. शेवटच्या उतारावर बैलगाडी आडवी आली. करीम गाडीवर आदळून पलीकडं पडला, त्याचं कोपर फाटलं. मालकांचा पाय साखळीत गेला. चाक फिरत होतं तोवर पाय आत ओढला जात होता. साखळीच्या चक्राच्या दात्यांनी पोटरी हाडापर्यंत फाडली. मी पुढंच रस्त्याच्या कडेला पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. चार माणसांनी चाक उलटं फिरवून पाय काढला. मालकांच्या ओरडण्यानं बैल उधळले.

मी तांब्यातलं पाणी जखमेवर ओतायला गेले. शर्यत बघायला आलेल्या वस्तादांनी मनगट धरलं.

"पाणी नको पोरी, पिकंल. ही धर."

त्यांच्या फडक्यात तालमीतली लाल माती होती. ताक, तेल, हळद घालून मुरवलेली. पैलवान ती खरचटल्यावर लावतात आणि त्यांचं सुकतंही. पण त्या मातीत दर पावसाळ्याआधी शेणखत पडायचं. वस्तादांनी करीमच्या कोपराला लावली. मालकांच्या पोटरीत मी भरली. बोटानं आत दाबून दाबून भरली. दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

आठव्या दिवशी मालक म्हणाले, "भाकर चावंना गेली."

"शिळी हाये म्हणून नखरे," मी म्हणाले. सासूबाई हसल्या. दुसऱ्या दिवशी तोंडच उघडेना, तेव्हा गाडीत घालून दवाखान्यात आणलं.

तुमच्या घरी कुणाला लागलं तर साबणानं धुवा. खूप धुवा. ओरडू द्या. मग धनुर्वाताची सुई टोचून घ्या. आता ती गावोगाव मिळते.

डॉक्टरांनी पोटरी पुन्हा उघडली. सडलेलं मांस कापून काढलं. सीरम टोचलं. सीरम म्हणजे घोड्याच्या रक्तातलं औषध, ते विष मारतं. पण नसांना आधीच चिकटलेलं विष त्यानं निघत नाही, ते उतरायची वाट बघायची. नाकातून रबरी नळी घालून दूध सोडायचे. खिडक्यांना काळं कापड लावलं. उजेड पडला की झटका. भांडं वाजलं की झटका. मी बांगड्या उतरवल्या, तर सासूबाईंनी ओसरीत माझ्या थोबाडीत दिली. "जित्या नवऱ्याच्या बांगड्या काढती?" मी दुसरा गाल पुढं केला आणि म्हणाले, "इथंच मारा. आत आवाज नको."

चौथ्या दिवशी वस्ताद आले. दार ढकलून मोठ्यांदा म्हणाले, "ऊठ रे मर्दा!"

मालक कमानीसारखे उचलले गेले. पाठीत कडकन आवाज झाला, ओलं लाकूड मोडावं तसा. मी वस्तादांच्या हाताला चावले. चावा धरूनच त्यांना बाहेर ओढलं. त्यांच्या दुसऱ्या हातात फडकं होतं. पुन्हा माती आणली होती. मी ती हिसकून त्यांच्या तोंडावर फेकली.

डॉक्टर धावत आले. त्यांनी ती माती बघितली आणि मलाच दरडावून विचारलं, "ही आणखी कुणाला लावली?"

चार दिवसांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. "करीम," वस्ताद म्हणाले. मग चिंचोळ्या रस्त्यानं मोटार-अड्ड्याकडं, अंबडची मोटार धरायला, पळत सुटले. एवढा जड माणूस पळताना मी पहिल्यांदा बघितला.

संध्याकाळी करीमला आणलं. सोबत त्याची आई. ती म्हणाली, "बेटी, सुबह से जबडा दुखता बोलता था. मैं बोली दाढ होगी." मी भाकर शिळी म्हणाले होते.

त्यालाही सीरम दिलं. शेजारच्या खोलीत ठेवलं. भिंतीपलीकडं त्याची खाट आदळायची, त्या आवाजानं मालकांना झटका यायचा. मालकांच्या ओरडण्यानं त्याला. डॉक्टरांनी आम्हाला ओसरीच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत हलवलं. तीन दिवस ते घरी गेले नाहीत. त्यांचे उपकार मी विसरले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी करीमचा श्वास झटक्यात अडकला, तो सुटला नाही. त्याच्या आईनं वस्तादांना शिव्या दिल्या नाहीत. मला ते आजही पटत नाही.

मालकांचे झटके अठराव्या दिवशी थांबले. पाठीचे दोन मणके मोडून दबले होते, त्यामुळं ते वाकूनच चालू लागले. त्यानंतर ते एकतीस वर्षं जगले.