मेजरांची रपेट

कुणी मिक्सर आणो, टीव्ही आणो की मोटारीचा स्टार्टर, मेजर आधी त्यावर तळहात ठेवायचे. डोळे मिटायचे आणि विचारायचे, "हां, रिपोर्ट?" प्रश्न गिऱ्हाइकाला नसायचा, मशीनला असायचा. नवखं गिऱ्हाईक मध्येच तोंड उघडायला लागलं की मेजरांचा दुसरा हात वर जायचा. "थांबा वो. आधी त्याला बोलू द्या."

तुमच्याही गावात असा एखादा मेजर असेलच. आमच्याकडे फौजेतून आलेला माणूस हवालदार असो की स्वयंपाकी, एसटीतून उतरला की मेजर होतो. आमचे हे मेजर रणगाड्यांतले आणि लष्करी गाड्यांतले वायरलेस सेट दुरुस्त करायचे. निवृत्तीनंतर त्यांनी वरवंडला माझ्या साउंड सर्व्हिसच्या शेजारीच गाळा घेतला, त्यामुळे त्यांची सगळी थेरं मला बसल्या जागी बघायला मिळाली.

फौज अंगातून गेलीच नव्हती. वायरी दोऱ्यानं अशा आवळायचे की जणू त्या पळून जाणार आहेत. प्रत्येक स्क्रूवर लाल रंगाची बारीक रेघ ओढायचे. "स्क्रू ढिला झाला की रेघ मोडती. लांबूनच चोर कळतो," म्हणायचे.

पण खरी करमणूक त्यांच्या रपेटीची. दुरुस्त झालेली वस्तू ते लगेच कधीच देत नसत. आपल्या जुन्या जीपच्या पुढच्या सीटवर तिला पट्ट्यानं बांधायचं आणि कालव्याच्या खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यानं हिंडवून आणायचं. परत आल्यावर चालली, तरच गिऱ्हाइकाच्या हातात.

"उभ्या जागी काय, कुणीबी चालतंय. गाडीतला सेट धक्क्यात बोलला पायजे."

"मेजर, पण माझा मिक्सर वट्ट्यावरच असतो," एक बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या.

"आज वट्ट्यावर हाय. उद्याचं कुणी सांगावं?"

बाजाराला जाताना मेजरांच्या घरच्या, म्हणजे आमच्या वहिनी, जीपमध्ये मागे बसायच्या. पुढे कुणाचा तरी टीव्ही बसलेला असायचा.

या वहिनी महिला भजनी मंडळात गायच्या. आवाज असा की माझे निम्मे स्पीकर त्यांच्यापुढे फुकट. चहा पिताना एकदा मी मेजरांची नक्कल केली. किटलीवर हात ठेवला आणि म्हणालो, "रिपोर्ट? मेजर, हे नाटक कशापायी?"

मेजर पोटभर हसले. मग म्हणाले, "नाटक न्हाई गड्या. इंजिनांनी कान नेलं. डावा तर गेलाच. उजव्याला जवळनं बोललेलं कळतंय, पण गाणं म्हंजी नुसता गलका. हाताला मात्र समदं कळतंय." चहाचा घोट घेऊन पुढे म्हणाले, "हिचं गाणं समद्या तालुक्यानं ऐकलं. मी सुट्टीवर यायचो तवा कार्यक्रम नसायचा, आन् कार्यक्रम असायचा तवा मी नसायचो. आता मी हाय, तर कान न्हाईत. पण एकदा समोर बसून बघायचंय. काय ना काय कळंलच की."

हसत हसतच म्हणाले. मी मात्र किटलीवरचा हात हळूच काढून घेतला.

तो दिवस खुटबावच्या उत्सवात आला. महिला भजनांची स्पर्धा होती, साउंड माझा. मेजर कडक इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत. वहिनींचं मंडळ सर्वांत शेवटी. त्यांचं नाव पुकारलं आणि माझ्या ॲम्प्लिफायरनं मान टाकली.

"पाव्हण्यांना निघायचंय," आयोजक कुरकुरले. "न्हाई जमलं तर बक्षिसं उरकून घेतो."

म्हणजे वहिनींचं गाणं बुडणार होतं. मेजर उठले, ॲम्प्लिफायरवर तळहात ठेवला, झाकण उघडलं, माझी सोल्डरची डागणी घेतली आणि एक सुटलेली वायर डाग देऊन जोडली. माइक बोलू लागला. मी सुटकेचा निःश्वास टाकतोय तोवर त्यांनी सगळ्या पिना काढल्या आणि ॲम्प्लिफायर पोटाशी धरला.

"रपेट राहिली."

"मेजर, पाया पडतो, आज नको!"

"अवो, आज तरी तसंच द्या!" स्टेजवरून वाकून वहिनी त्यांच्या उजव्या कानाशी ओरडल्या.

"आज तर अजिबात न्हाई. तुझ्या गाण्यात मधीच बंद पडलं तर?"

आणि तान्हं लेकरू घेतल्यासारखा तो ॲम्प्लिफायर घेऊन मेजर देवळाभोवती पळत सुटले. पायऱ्यांवरून धाडधाड वर, धाडधाड खाली. काही नवस असेल असं समजून दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. परत येऊन पिना लावल्या, तर ॲम्प्लिफायर पुन्हा मेलेला. आयोजकांनी कपाळाला हात लावला. मेजरांचा चेहरा मात्र फुलला.

"घावला! दुसरा चोर लपून बसला व्हता."

तोही डाग पक्का झाला. दुसऱ्या फेरीला तर सगळा मांडव टाळ्यांचा ठेका धरून होता. पाहुणे निघायचं विसरले आणि खुर्चीवर उभं राहून बघायला लागले. मेजर धापा टाकत आले, पिना लावल्या, माइक बोलला.

वहिनींच्या मंडळाचा दुसरा नंबर आला. पहिला हुकला म्हणून मीच जास्त भांडलो, मेजरांना त्याचं काही नव्हतं. पुढे ते दोघं मुलाकडे नाशिकला राहायला गेले. शेजारचा गाळा आता केकवाल्यानं घेतलाय. मला करमत नाही. दुरुस्त करून आणलेला ॲम्प्लिफायर मी अजूनही टेम्पोत घालून कालव्यावरून फिरवून आणतो, लोक हसले तरी.

खुटबावला त्या दिवशी वहिनी गायला लागल्या तेव्हा मेजर पहिल्या रांगेत गेलेच नाहीत. खुर्ची ओढून माझ्या मोठ्या स्पीकरला खेटून बसले. त्याच्या लाकडी कुशीवर तळहात पसरला, डोळे मिटले. वहिनींनी आवाज चढवला तशी त्यांची बोटं थरथरली आणि मिशीखाली हसू पसरत गेलं. मला राहवेना. त्यांच्या उजव्या कानाला तोंड लावून मी विचारलं, "मेजर, रिपोर्ट?"

डोळे न उघडता त्यांनी दुसरा हात वर केला.

"थांबा वो. आधी तिला बोलू द्या."